तुमच्या चिरंजीवांची चूल

त्रोंडहाइम, नॉर्वे
२३ नोव्हेंबर

ती. आईंना व ती. बाबांना,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नॉर्वेला जाऊन शेवटी चूलच पेटवायची होती, तर चिपळूण काय वाईट होतं?" प्रश्न बिनतोड आहे. फोनवर उत्तर द्यायला गेलं की मंदार मागून ओरडून दुरुस्त्या सुचवतो. आत्ता तो लाकडं आणायला बाहेर गेलाय, तेवढ्यात लिहून घेते. लाकडं आणायला त्याला बराच वेळ लागतो. तो ती निवडतो.

पहिली गोष्ट, ही तुमची चूल नव्हे. हिच्यावर स्वयंपाक करत नाहीत. (मंदारने एकदा हिच्या डोक्यावर भाकरी केली. आम्ही तिला भाकरी म्हणतो.) बिडाची जड पेटी, पुढे काचेचं दार, मागून पाइप निघून धुराड्यात गेलेला. इथली बहुतेक घरं विजेवर तापतात, तसं आमचंही. पण वादळात वीज गेली आणि बाहेर उणे पंधरा असलं, तर विजेचा हीटर भिंतीवर नुसता शोभेला उरतो. पूर्वी इथलं सरकार लोकांना सांगायचं, तीन दिवस पुरेल एवढी तयारी घरात ठेवा. २०२४ पासून सांगतात, आठवडाभराची ठेवा: पाणी, खाणं, औषधं आणि घर गरम ठेवायची सोय. ते पत्रक आलं त्या दिवशी तुमचे चिरंजीव एकदम कोकणातले झाले. म्हणाले, "म्हणजे आगोटच की!" आणि सरपणाच्या मागे लागले.

इथली आगोट मात्र पावसाळ्याची नाही, हिवाळ्याची. बर्च नावाचं पांढऱ्या सालीचं झाड असतं. ते थंडीत तोडायचं, बर्फ वितळायच्या सुमाराला फोडायचं आणि उन्हाळाभर वर झाकण, बाजू मोकळ्या, असं रचून वाऱ्यावर ठेवायचं. नुकत्या तोडलेल्या ओंडक्याचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते वीस टक्क्यांच्या खाली आलं की मग लाकूड घरात घ्यायचं. पहिल्या वर्षी मंदारने कोणाकडून तरी ट्रॉलीभर लाकडं फार स्वस्तात आणली. स्वस्त होती, कारण आदल्या महिन्यापर्यंत ती झाडं होती. संध्याकाळभर चूल सूं सूं करत राहिली, ओंडक्यांच्या टोकांना फेस आला, काच काळी झाली आणि आम्ही तिघं आत स्वेटर घालून बसलो. चुलीची सगळी ऊब त्या लाकडांतलं पाणी उकळण्यात गेली.

शेजारचे आजोबा बघायला आले. बोलले काहीच नाहीत. इथे लोक नाराज झाले की बोलत नाहीत, आणि खूश असले तरी फारसे बोलत नाहीत, त्यामुळे आमचा अंदाज नेहमी चुकतो. त्यांनी आपल्या घरून बर्चचा एक ओंडका आणला, एका टोकाला भांडी घासायचा साबण चोपडला आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकलं. साबणाला बुडबुडे आले! वाळलेल्या बर्चमधून हवा आरपार जाते म्हणे. मग मंदारने आमच्या ओंडक्याला तोंड लावलं. कानापर्यंत लाल झाला, पण बुडबुडा एक नाही. फुंकणी ज्या घराण्यात तीन पिढ्या चालली, त्या घराण्याचा हा वारस. दुसऱ्याच दिवशी त्याने ओलावा मोजायचं यंत्र विकत आणलं. त्याच्या दोन सुया ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायच्या, बाहेरून टोचलं तर ते खोटं बोलतं. आता घरात लाकडाची म्हणून जी वस्तू आहे, तिचा ओलावा त्याला ठाऊक आहे. आपलं पोळपाट अकरा टक्के आहे.

पेटवायची रीत ऐकलीत तर तुम्ही मला खुळ्यात काढाल. इथे आग वरून लावतात. जाड ओंडके खाली, त्यावर बारीक फाटे, त्यावर ढलप्या आणि सगळ्यांच्या वर काडी. मंदारने यावर आजोबांशी वाद घातला, तोही नॉर्वेजियनमध्ये, म्हणजे वाद तसा लहानच झाला. पण आहे खरं. खालून पेटवलं की वरची गार लाकडं नुसती धुरकटत बसतात आणि तो धूर तसाच बाहेर जातो. वरून पेटवलं तर खालच्या लाकडाचा धूर ज्वाळेतून जाता जाता जळून जातो. लाकडातली निम्म्याहून जास्त ऊब त्या धुरातच असते. म्हणूनच १९९८ पासून इथे नवीन चूल बसवायची तर धूर आतच जाळणारी लागते. तिच्यात वरच्या बाजूने आणखी एक हवेचा झोत सोडलेला असतो. बर्गन शहरात तर २०२१ पासून जुन्या तऱ्हेच्या चुली पेटवायलाच बंदी आहे. तुम्ही धुराने डोळे चोळत काढलेली वर्षं आठवली की वाटतं, तो सगळा न जळलेला माल होता हो. एका परीने लाकूड फुकट गेलं आणि तुमचे डोळेही.

एकदा शनिवारी मी बांगडे तळत होते. इथे बांगडा मिळतो, चांगला मिळतो, काळजी नसावी. वास शेजारी जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरातला पंखा जोरात लावला होता. मंदारने तिकडे चूल पेटवली आणि सगळा धूर दिवाणखान्यात. त्याला वाटलं धुराडं तुंबलं, मला वाटलं लाकडं पुन्हा स्वस्तातली. तसं काही नव्हतं. आमचं घर म्हणजे झाकण घट्ट बसलेला डबा. थंडी आत येऊ नये म्हणून एकेक फट बुजवलेली. पंखा हवा बाहेर फेकणार, तर तितकी हवा कुठून तरी आत यायला हवी, आणि एकच वाट मोकळी होती, धुराड्याची. तेव्हापासून चूल पेटवताना पंखा बंद आणि खिडकी बोटभर उघडी. उणे दहात खिडकी उघडून घर तापवायचं, हे आमच्या ओवीला अजून पटलेलं नाही. तिने शाळेत बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, बाबा बरोबर आहेत. त्या दिवसापासून मंदार जरा जास्तच सांगू लागलाय.

आता मुख्य तक्रार, आणि ती थेट तुमच्याशी आहे. तुम्ही रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचात आणि पहाटे त्यावर सोडणं टाकून दोन फुंकरांत जाळ करायचात, हे मंदारच्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून तो झोपायच्या आधी चुलीत दोन जाड ओंडके टाकायचा, हवेची झडप जवळजवळ बंद करायचा आणि सकाळपर्यंत धुमसत ठेवायचा. त्याला वाटायचं, काय काटकसर! हे बरेच दिवस चाललं.

मग आली धुराडेवाली. इथे धुराडी झाडणं आणि तपासणं हे नगरपालिकेचं काम आहे, त्यासाठी दरवर्षी कर भरावा लागतो. आधी फोनवर निरोप येतो की अमुक दिवशी येतोय, त्या दिवशी चूल पेटवू नका आणि छपरावर चढायच्या पायऱ्या धड आहेत का बघा. आमच्याकडे आली ती पंचविशीतली मुलगी, काळे कपडे, कमरेला दिवा. सरसर छपरावर गेली, दोरीला लोखंडी गोळा आणि ब्रश बांधून धुराड्यात सोडला, खाली तळघरात आली, तिथली छोटी झडप उघडून आरसा आत धरला आणि मंदारला म्हणाली, "बघा." आत नुसती काजळी नव्हती. काजळी भुसभुशीत असते, ब्रशने पडते. इथे भिंतीवर काळा, चकचकीत, डांबरासारखा थर बसला होता. धुमसत्या लाकडाचा न जळलेला धूर गार धुराड्यात जाऊन चिकटतो, तेच हे. तिने विचारलं, रात्री काय करता? मंदार अभिमानाने म्हणाला, "ही आमच्या घरची पद्धत आहे."

आई, तिने त्याला जे सांगितलं ते ऐकून मला त्याची दया आली. त्या थराने एकदा पेट घेतला की धुराड्यात हजार अंशांच्या वर आग होते. रेल्वे गेल्यासारखा आवाज येतो, वरून ठिणग्या उडतात, भिंत तापते आणि जुन्या लाकडी घराला तेवढं पुरतं. असं झालं तर दार आणि झडपा घट्ट बंद करायच्या, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि ११० ला फोन करायचा. पाणी अजिबात ओतायचं नाही. एक लिटर पाण्याची सतराशे लिटरच्या आसपास वाफ होते आणि ती अरुंद धुराडं फोडून काढते. निखारे लाल असताना झडप पूर्ण बंद केली तर आणखी एक विष घरात पसरतं, कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास ना रंग. बंद खोलीत शेगडी घेऊन निजलेल्यांच्या बातम्या थंडीत वाचतो, तेच ते.

तुमच्या चुलीला दार नव्हतं आणि वर कौलं होती. धूर हवा तिकडून जात होता आणि जाताना वाशांना वाळवी लागू देत नव्हता. तुमची पद्धत तुमच्या घरात बरोबरच होती. पण तिला काचेचं दार लावलं तर ती नगरपालिकेला चालत नाही. आता आम्ही थोडी लाकडं टाकून, हवा भरपूर सोडून, चांगला जाळ करतो आणि झोपताना चूल आपली आपण विझू देतो. पहाटे घर गार पडतं. मंदार तेव्हा उठून चहा करतो, त्यामुळे माझी या पद्धतीबद्दल काहीच तक्रार नाही. जाताना ती मुलगी दाराची दोरी बदलायला सांगून गेली. दाराच्या कडेने काचतंतूची दोरी असते. कागदाचा कपटा दारात धरून दार लावायचं, कपटा ओढला आणि सुळकन निघाला तर दोरी गेली. तळघरात पडलेली काजळी मात्र आपणच काढायची असते. तो कार्यक्रम मंदारने केला आणि नंतर आमच्या पांढऱ्या न्हाणीघराने तो सोसला.

राखेचं तुम्हाला सांगायला नको, पण इथे नियम कडक आहे. झाकणाची पत्र्याची बादली, ती घराबाहेर आणि लाकडी ओट्यापासून लांब. वरून गार दिसणाऱ्या राखेत दोन दोन दिवस निखारा जागा असतो. बाबा, तुम्ही आंब्याच्या आळ्यात टाकायला राख कागदी पिशवीत भरून ठेवता, तेवढं बंद करा. ही सूचना मंदारची आहे, मी नुसती कळवतेय. राखेचा दुसरा उपयोग ऐकून तुम्हाला मात्र बरं वाटेल. चुलीची काळी काच पुसायला इथे ओला वर्तमानपत्री कागद राखेत बुडवून घासतात. दुकानातल्या फवाऱ्यापेक्षा चांगली निघते. आजोबांनी हे मोठं गुपित म्हणून दाखवलं. मी त्यांना सांगितलं, माझ्या सासूबाई चाळीस वर्षं अशीच भांडी घासत होत्या. तेव्हापासून ते तुमची चौकशी करतात.

आणि हो, धुराची घंटा. १९९० पासून इथे प्रत्येक घरात ती असावीच लागते. आमची इतकी इमानदार आहे की मोहरी तडतडायच्या आत ओरडते आणि सुक्या मिरचीला तर गल्ली जागी करते. मंदारने एकदा वैतागून बॅटरी काढून ठेवली, तर ओवीनेच त्याला पकडलं. शाळेत त्यांना शिकवलंय की १ डिसेंबरला सगळ्या देशाने आपापली घंटा तपासायची. आता घंटा स्वयंपाकघरापासून जरा लांब हलवली आहे आणि मी फोडणी दार लावून करते.

तुम्ही जानेवारीत येताय, म्हणून तीनच विनंत्या. चुलीच्या पुढे जी काचेची लादी आहे, तिच्यावर चटई, पाट, जप करायचं आसन, काही ठेवू नका. ठिणगी पडायची ती जागा आहे. चुलीच्या अंगावर गोधडी, मोजे, पापड वाळत घालू नका. आणि चुलीत कचरा नको: दुधाचे खोके, प्लॅस्टिक, रंगवलेली फळी काहीही नाही. कुंपणाच्या जुन्या हिरवट फळ्यांमध्ये आर्सेनिक असतं, त्यांच्याकडे बघूसुद्धा नका. तुमची 'काय काय जळेल' ही नजर मला ओळखीची आहे.

दिवस फार लहान असेल, तेव्हा बाबांनी शब्दकोड्यांची पुस्तकं जास्त आणावीत. मंदार आत आला, आता थांबते. ओवीचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
मानसी

ता. क. एका बाबतीत तुमचा निकाल हवा आहे. २०१३ साली इथल्या सरकारी टीव्हीने सरपण या विषयावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला होता. त्यातले आठ तास नुसती जळती चूल. लोक जागून बघत होते आणि बऱ्याच जणांनी तक्रारी पाठवल्या. अर्ध्यांचं म्हणणं, लाकडं सालीची बाजू वर करून रचली आहेत, हे चूक. बाकीच्या अर्ध्यांचं म्हणणं, साल खाली केली आहे, हे चूक. आमच्या घरातही तेच चाललंय. मंदार साल वर म्हणतो, म्हणजे पाऊस सालीवरून निथळतो. आजोबा म्हणतात साल खाली, म्हणजे ओल वरून निघून जाते. मी कोणत्या बाजूला आहे हे मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही पडवीत कशी रचायचात ते कळवा, आणि शक्यतो मंदारच्या विरुद्ध कळवा.