उंची घड्याळाचे स्नान : साहित्य, कृती व पथ्यापथ्य

सदर मार्गदर्शन स्टीलच्या चेनचे, किमतीने लाखात खेळणारे आणि शक्यतो स्वित्झर्लंडहून आलेले घड्याळ बाळगणाऱ्या गृहस्थांसाठी आहे. चामडी पट्टेवाल्यांनी पान उलटावे. चामडे पाण्यात घालू नये, एवढे त्यांना पुरे. पुढे वाचण्यापूर्वी प्रत्येकाने मनाशी एक हिशेब करावा : घड्याळाची बिलावरची किंमत किती आणि घरात सांगितलेली किती? दोन्ही आकडे एकच असतील तर आपण भाग्यवान आहात किंवा अविवाहित. एरवी घरगुती आकडा नऊ हजारांच्या आसपास असतो, 'सेलमध्ये मिळालं' या पुरवणीसह. ही तफावत स्वच्छतेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. घड्याळाला पाणी बाधते, घाम बाधतो, पण ते नऊ हजारांचे आहे असे मनापासून मानणारी माणसे जितकी बाधतात तितके काहीच बाधत नाही.

उदाहरणार्थ, आत्या. दिवाळीच्या चार दिवस आधी येते, आल्या आल्या पदर खोचते आणि घरात जे जे चकाकू शकेल ते ते ओट्यावर मांडते. समई, निरांजन, तांब्या, पंचपात्री आणि त्यांच्या पंगतीला आपले घड्याळ.

"अरे, किती कळकट झालंय हे! थांब, पितांबरीनं दोन मिनिटांत लख्ख करते."

इथे किंचाळायची सोय नसते. नऊ हजारांच्या घड्याळासाठी कोणी किंचाळत नाही. "राहू दे आत्या, मी करतो," एवढेच म्हणता येते. आजवर घरात चहाचा कपही न विसळलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आले की आत्या आणि पत्नी एकमेकींकडे ज्या नजरेने बघतात, ती टाळायची तर घड्याळ दर पंधरवड्याला गुपचूप धुवावे. मळलेच नाही तर कोणाच्या डोळ्यांत येणार नाही.

पितांबरीबद्दल आमचे काही म्हणणे नाही. तांब्या-पितळेच्या राज्यात तिचे कर्तृत्व वादातीत आहे. पण तांब्यावर चढलेला काळपट थर आंबटाने उतरवावा लागतो, तसे स्टीलचे नसते. त्यातल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन अंगावर एक अतिपातळ थर धरतो आणि तोच त्याला गंजापासून वाचवतो. त्याला घासून पराक्रम सिद्ध करण्याचे कारण नाही. पूड उतरवते ती कारखान्यातून आलेली झिलई.

दुसरा संप्रदाय टूथपेस्टचा. तो सासऱ्यांकडून येतो आणि त्याला अनुभवाचा आधार आहे, म्हणून तो अधिक घातक. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूला घड्याळे करू लागलेल्या एचएमटीच्या 'जनता'ने ज्यांची उभी नोकरी वेळेवर पार पाडली, त्यांना ठाऊक असते की काचेवर चरे पडले की बोटभर टूथपेस्ट लावून फडक्याने गोल गोल घासायची, काच नवी होते. होतच असे. कारण ती काच नसून ॲक्रिलिक असे. मऊ ॲक्रिलिक पेस्टमधल्या बारीक कणांनी घासले जाते आणि चरा बुजल्यासारखा दिसतो. आपल्या घड्याळाची काच कृत्रिम नीलमाची आहे. मोसच्या काठिण्यमापनात तिचा क्रमांक ९, हिऱ्याचा १०. टूथपेस्ट तिचे वाकडे करू शकत नाही, पण काचेवरचा प्रतिबिंब रोखणारा लेप आणि शेजारची चकचकीत धातूची कड यांचे ती सावकाश वाकडे करते. सासऱ्यांना हे समजावण्याच्या फंदात पडू नये. "हो, करून बघतो," म्हणावे. नीलमाला खरी भीती आहे ती पत्नीच्या अंगठीतल्या हिऱ्याची, तेव्हा दोन्ही वस्तू रात्री एकाच वाटीत काढून ठेवू नयेत.

आता पाणी. घड्याळाच्या पाठीवर किंवा तबकडीवर '३० मीटर' असे कोरलेले असते आणि मालकाला वाटते की तारकर्लीच्या समुद्रात ३० मीटर खाली गेले तरी चालेल. हा आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आहे. संसारी भाषेत त्याचा अर्थ : हात धुताना शिंतोडे उडाले तर घाबरू नका. अशा घड्याळाला नळ दाखवू नये. चेन काढता येत असेल तर काढून तिलाच धुवावे, डबीला ओलसर फडके पुरे. १०० मीटर आणि त्यापुढच्यांना स्नानाचा अधिकार आहे, तोही आतल्या रबरी चकत्या ठीक असतील तर. रबर वयोमानाने कडक होते, त्यामुळे जुने घड्याळ घड्याळजीकडून दाबाची चाचणी करून घेतल्याखेरीज पाण्यात उतरवू नये.

या विषयातले आद्य स्नान इंग्लिश खाडीत झाले. रोलेक्सने १९२६ साली 'ऑयस्टर' ही पाणी रोखणारी डबी आणली. पुढल्याच वर्षी ७ ऑक्टोबरला मर्सिडीज ग्लाइट्झ ही खाडी पोहून जाणारी पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. लगोलग दुसऱ्या एका बाईंनी आपणही पोहून आल्याची थाप मारली, ती उघडकीस आली आणि संशय ग्लाइट्झबाईंवरही शिंपडला गेला. म्हणून २१ ऑक्टोबरला त्या पुन्हा थंडगार पाण्यात उतरल्या, या वेळी गळ्यात ऑयस्टर अडकवून. दहा तासांहून जास्त पोहल्यावर, पैलतीर येण्याआधीच त्यांना बाहेर काढावे लागले. घड्याळ मात्र चालू होते. २४ नोव्हेंबर १९२७च्या 'डेली मेल'चे पहिले पान रोलेक्सने जाहिरातीने भरून टाकले. ऑयस्टरची चावी आट्यांवर फिरवून घट्ट बसवायची असते. आपणही नळाकडे वळण्याआधी चावी नीट बसली आहे ना, हे बोटाने चाचपावे. आट्यांची नसेल तर ती पूर्ण आत दाबलेली हवी. स्टॉपवॉचची बटणे पाण्यात दाबून बघण्याचा मोह होतो. तो आवरावा.

साहित्य : वाडगाभर कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रावणाचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश, चष्मा पुसायचे फडके. एवढेच. ब्रश नवा असावा आणि तो लपवून ठेवावा, नाहीतर तो कोणाचा यावर घरात चौकशी बसते. हिरवी घासणी, काथ्या, तारेचा गुंडाळा यांना त्या दिवशी मोरीबाहेर पाठवावे. गिझरचे कढत पाणी वर्ज्य, कारण उष्णतेने रबरी चकत्यांची पकड बिघडते. घड्याळ घालून वाफाळती आंघोळ करणाऱ्यांची गणना आम्ही शूरांत करत नाही.

कृती दार लावून करावी. चेन बोटावर आडवी वाकवली की कड्यांमधल्या फटी उघडतात. त्या फटींच्या दिशेने ब्रश चालवावा, आडवा नको. चेनची आतली बाजू आणि बक्कल उघडल्यावर दिसणारा पोटातला भाग इथे जास्त वेळ द्यावा, तसाच चेन डबीला मिळते त्या कोपऱ्यात. थोड्याच वेळात वाडग्यात राखाडी, किंचित लिबलिबीत असे काहीतरी उतरू लागते. मालक दचकतो, रंग गेला की काय म्हणून. तसे काही नाही, ते आपणच आहोत. मेलेली त्वचा, घामातले मीठ, टाल्कम पावडर, सनस्क्रीन, विसर्जन मिरवणुकीचा गुलाल आणि खंडेनवमीचे कुंकू. (हत्यारपूजेत घड्याळ मांडायचेच असेल तर कुंकू घड्याळाच्या खोक्याला वाहावे. खोके ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये लपवलेले असल्यास मानसपूजा करावी.)

या लेपाकडे तुच्छतेने पाहू नये. तो कड्यांच्या आतल्या पिनांभोवती बसतो, हाताच्या प्रत्येक हालचालीत थोडा थोडा धातू घासतो आणि वर्षांनी चेन लोंबू लागते. शिवाय खारट घाम फटीत कोंडला, हवा लागली नाही, की तो वर सांगितलेला रक्षक थर पुन्हा धरत नाही आणि स्टीललाही बारीक खड्डे पडतात. घड्याळांत बहुधा ३१६एल जातीचे स्टील असते, रोलेक्स ९०४एल वापरते. न धुणाऱ्या मालकापुढे दोघेही हात टेकतात. सोने-स्टील मिश्र चेनवाल्यांनी ब्रशही जपून चालवावा, १८ कॅरट सोने स्टीलहून मऊ.

मग स्वच्छ पाण्याने विसळावे, फडक्याने टिपावे आणि चेन आतून सुकेपर्यंत फडक्यावरच राहू द्यावे. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यात पुरणे तर मुळीच नको. काचेच्या आत धुके दिसले तर उपाय घरात नाही, त्याच दिवशी घड्याळजी गाठावा.

घरात चुलतभाऊ नावाचा प्राणी असतो. तो म्हणतो, "मागचं झाकण उघड ना, शिलाई मशीनचं तेल सोडू या दोन थेंब." आतला तोल बहुतेक नव्या स्वयंचलित घड्याळांत तासाला २८,८०० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला ८. त्याला मिळणारे तेल इतके थोडे असते की ते भिंगाखाली सुईच्या टोकाने लावतात. चुलतभावाला चहा द्यावा, स्क्रूड्रायव्हर देऊ नये.

सराफाकडेही जपून. चेन साफ करतो म्हणून घेतो आणि प्रेमाने पॉलिश मारतो. मंद रेघांच्या कड्या आरशासारख्या होतात, धारदार कोपरे गोल होतात, आणि गेलेला धातू परत येत नाही. जुनी घड्याळे जमवणारे पॉलिश न झालेल्या डबीला जास्त भाव देतात.

लोहचुंबक : स्पीकर, पर्सचे बक्कल, दाराला लावलेली चुंबकी मच्छरजाळी यांच्याजवळ घड्याळ ठेवू नये. केसाएवढ्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळू लागते. घड्याळजी हे चुंबकत्व काही सेकंदांत उतरवून देतो. तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान बदलू नये, त्या वेळी आतली चाके स्वतःच त्या कामाला लागलेली असतात.

आणि पाच ते दहा वर्षांनी सर्व्हिसिंग. घड्याळ उघडून, सुटे करून, धुऊन, नवे तेल आणि नव्या चकत्या घालून परत जुळवतात. अधिकृत केंद्रात याचा खर्च घरात सांगितलेल्या किमतीच्या सहज वर जातो. अंदाजपत्रक फोनवर येते. नंबर स्वतःचाच द्यावा, फोन गॅलरीत जाऊन घ्यावा, आणि समोरच्याने सांगितलेला आकडा मोठ्याने परत म्हणून खात्री करून घेण्याची सवय या एका फोनापुरती आवरावी.