बॅग धरणाऱ्यांसाठी सूचना

विमानांचे फोटो कसे काढावेत हे सांगणारे जगात पुष्कळ आहेत. फोटो काढणाऱ्याची बॅग कशी धरावी हे मात्र कोणी सांगत नाही. गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावर, दाबोळी विमानतळाच्या अंगाला, नौदलाचं विमान संग्रहालय आहे. १९९८ साली सुरू झालेलं. तिथे मी आमच्या ह्यांची बॅग तीनदा धरली आहे. त्या अधिकारात ही नियमावली जारी करत आहे.

नियम १. सोमवारी जाऊ नये. बंद असतं. तीनपैकी पहिली खेप कशी गेली हे आता वेगळं सांगायला नको.

नियम २. हॉटेलच्या एसी खोलीतला कॅमेरा गोव्याच्या हवेत एकदम उघडू नये. भिंगावर असा घाम येतो की समोर विमान आहे की म्हैस, कळत नाही. निघण्याआधी अर्धा तास बॅग चेन न उघडता बाल्कनीत ठेवावी. हे काम अर्थातच बॅगवाल्या व्यक्तीचं. विसरल्यास दोष दमट हवेचा नसून आपला असतो, हेही लक्षात असू द्यावं.

नियम ३. दार उघडताच आत शिरावं. विमानं अंगणात, उघड्यावर उभी आहेत. डोक्यावर ऊन आलं की पंखांची सावली पोटावर पडते आणि विमानाचं पोट काळं ठिक्कर येतं. वर विमान पांढरं असेल तर कॅमेरा त्याला बिचकतो आणि राखाडी करून टाकतो. अशा वेळी एक्स्पोजर थोडं वाढवायचं असतं. हे मला कसं माहीत? प्रत्येक विमानापाशी ह्यांनी ते स्वतःलाच मोठ्याने सांगितलं म्हणून.

नियम ४. आधी पाटीचा फोटो, मग विमानाचा. हा नियम मी केला आणि तो निर्विवाद आहे. पहिल्या अल्बममध्ये अकरा फोटोंखाली ‘करडं विमान’ एवढंच लिहिलेलं आहे.

नियम ५. सी हॉकपाशी पोरं हमखास विचारतात, याचा धूर कुठून निघतो? शेपटीला भोकच नाही. मग आमचे हे गुडघ्यावर बसतात आणि स्वतःच्याच नव्हे, कोणाच्याही पोरांना समजावतात. इंजिन मधोमध आहे आणि जळकी हवा दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडते. म्हणून सी हॉक समोरून काढू नये, मागच्या कोपऱ्यातून तिरका काढावा. सी हॅरियर मात्र बाजूनेच. त्याची नळकांडी दोन्ही कुशींना दोन-दोन आहेत. ती खाली वळवली की विमान जागच्या जागी उतरतं. नवऱ्यांना अशी सोय नाही. कुठून निघाले, कुठे उतरतील, काही सांगता येत नाही.

नियम ६. फायरफ्लायपाशी दोन मिनिटं आदराने उभं राहावं. आपल्या नौदलात या विमानाचं काम काय, तर मागे दोरीला लक्ष्य बांधून उडायचं आणि नेमबाजी शिकणाऱ्यांनी त्या लक्ष्यावर तोफा डागायच्या. संपूर्ण संग्रहालयात मला मनापासून आपलं वाटलेलं विमान हेच.

नियम ७. विमानतळाच्या कुंपणाकडे भिंग रोखू नये. पलीकडे नौदलाचा तळ आहे. माणसाने वेळीच कोपर धरून ओढावं. फोटो हलला तरी चालेल.

नियम ८. सुपर कॉन्स्टेलेशन. याला अर्धा तास धरून चालावं. तीन शेपट्यांचं, चार पंख्यांचं, उंच काटकुळ्या पायांवर उभं असलेलं हे धूड आधी एअर इंडियाचे प्रवासी नेत होतं, मग हवाईदलात गेलं, तिथून नौदलात येऊन समुद्रावर पहारा देत होतं. एका आयुष्यात तीन संसार. ते पूर्ण चौकटीत यावं म्हणून हे मागे मागे सरकत जातात, आणि पाठीमागे काय आहे हे पाहण्याचं काम बॅगवाल्या व्यक्तीचं. कुंडी, कुंपण, सहलीला आलेली शाळा, या क्रमाने. मग हुकूम येतो, “जरा नाकाखाली उभी राहा गं. उंची कळू दे.” हसायचं नाही, कारण फोटो माझा नसतो. मी मोजपट्टी असते. पहिल्यांदा मी पदर सावरला, तर म्हणाले, “राहू दे, तेवढं दिसत नाही.”

आता एक गोष्ट नियमात बसत नाही, तरी सांगते. विमानवाहू नौका विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा आम्ही ती बघायला गेलो होतो. तास-दीड तास रांगेत. वर पोचलो तेव्हा रोलमध्ये दोनच फोटो शिल्लक होते, बाकीचे चौतीस भाचीच्या बारशात उडालेले. हे म्हणाले, “असू दे, पुढच्या वर्षी नीट काढू. ती कुठे पळून जातेय?” पुढच्या वर्षी घर बदललं, त्याच्या पुढच्या वर्षी आईंचं दुखणं. २०१२ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. तिच्या पोलादातून मोटारसायकल निघाली, तेव्हा हे शोरूममध्ये गेले, टाकीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि काही न बोलता घरी आले. घ्यायची नव्हतीच. यांना गिअरची गाडी येत नाही.

त्यामुळे बोगमाळोला चारशे फोटो निघाले तरी मी आता घड्याळ बघत नाही. १९७१ च्या युद्धात विक्रांतवरून चितगाव आणि कॉक्स बाजारवर गेली ती सी हॉक आणि अलिझे विमानं याच जातीची. जहाज गेलं. ही उरली आहेत, आणि खाऱ्या हवेत उभी आहेत. हे एकेका रिव्हेटचा फोटो काढतात. काढू देत.

नियम ९. पाणी दोन बाटल्या. छत्री. आतलं दालन शेवटी बघावं, पाय दुखायला लागल्यावर. तिथे जहाजांच्या प्रतिकृती आहेत. विक्रांतच्या प्रतिकृतीपाशी घाई करू नये.

घरी आल्यावर हे फोटोंना नावं देत बसतात. परवा डोकावले. अलिझे, डावी बाजू. सी हॅरियर, नळकांडी. आणि सुपर कॉन्स्टेलेशनचे सलग सतरा, नंतरच्या दोन्ही खेपांचे, प्रत्येकाखाली एकच ओळ: ‘नाक, मापासह.’ एकात मी पदर सावरते आहे. तो मोठा करून पाहिलेला होता. दिसतं की तेवढं.