नादब्रह्माचे अव्वल कारकून

यंत्र बिघडले म्हणजे मनुष्य कारागिराकडे जातो, हा समज मोठ्या शहरांपुरता खरा असेल. बुलढाणा जिल्ह्यात मात्र कारागिराने पान्याला हात घालण्यापूर्वीच ज्यांचा निकाल जाहीर होऊन गेलेला असतो, अशा गृहस्थांचा एक स्वतंत्र वर्ग नांदतो. मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावे ज्याच्यावर वसली आहेत तो पूर्वीचा सहा नंबरचा, आणि सरकारी दप्तरी हल्ली 53 झालेला, राष्ट्रीय महामार्ग. त्याच्या कडेच्या कोणत्याही गॅरेजात दुपारी चारच्या सुमारास डोकावावे, तो भंगारातल्या बसगाडीच्या बाकावर ही मूर्ती विराजमान झालेली दिसेलच. त्यांची नेमणूक कोणी केलेली नसते, त्यामुळे त्यांना बडतर्फही करता येत नाही. आणि एक कट चहा एवढ्याच मुशाहिऱ्यावर ते सूर्यास्तापर्यंत हजर असतात.

आमच्या खामगावचे भाऊसाहेब (नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असा एक भाऊसाहेब प्रत्येक तालुक्यास मंजूर असतो) तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मोटार त्यांनी आयुष्यात चालविली नाही, आणि सायकलीची चेन उतरली तर ते नातवाला हाक मारतात. परंतु त्यांना कान आहे. हा कान त्यांच्या सांगण्याप्रमाणे वडिलोपार्जित असून त्याची मशागत कापसाच्या जिनात झालेली आहे. आणि यात अतिशयोक्ती असली तरी असत्य नाही. ज्या गावात सरकी काढणाऱ्या रेच्यांचे लांबलचक पट्टे हंगामभर सळसळत असत, पिठाच्या गिरणीचा सपाट पट्टा सांध्याशी आला की टक् करून गल्लीला दळणाची वर्दी देत असे, आणि शिवारात विहिरीवरच्या ऑइल इंजिनाच्या ठोक्यावरून इंजिन कोणाचे हे घरबसल्या सांगता येत असे, त्या गावच्या माणसाला पट्ट्याची भाषा कळते, एवढे कबूल केलेच पाहिजे. अडचण इतकीच, की भाऊसाहेबांना तेवढी एकच भाषा येते.

त्यांच्या कीर्तीचा कळस झाला तो एका चांदीच्या व्यापाऱ्याच्या चिरंजीवांनी पुण्याहून जुनी सॅन स्टॉर्म आणली तेव्हा. 1990 च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात जन्मलेली ही दोन आसनांची बुटकी स्पोर्ट्स गाडी. अंग फायबरचे, इंजिन रेनॉचे, साडेअकराशे सीसीच्या आसपासचे. एवढ्या वर्षांनी गाडीच्या एखाद्या अवयवास कंठ फुटला तर त्यात कारखान्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल. पण फुटला खरा, आणि तो असा की बुलढाण्याला जाताना बोथ्याच्या घाटात चिरंजीवांनी एसी लावला मात्र, ज्ञानगंगा अभयारण्यातील अस्वलांनीही कान टवकारावेत अशी किंकाळी बॉनेटाखालून निघाली.

भाऊसाहेबांनी फिर्याद रीतसर दाखल करून घेतली. आवाज सकाळी थंड इंजिनावर येतो की दुपारी, दिवे लावल्यावर वाढतो काय, रेस दिल्यावर सूर चढतो की तेवढाच राहतो, अशी चिरंजीवांची जबानी त्यांनी घेतली. आणि हे प्रश्न, मला प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे, अगदी अचूक होते. दिवे आणि एसी यांचा भार पडला की सैल बेल्ट पुलीवरून घसरतो आणि चीत्कारतो, हे शास्त्र आहे. दुर्दैव असे, की भाऊसाहेब प्रश्न विचारीत ते उत्तराची वाट पाहण्यासाठी नव्हे.

"फॅनबेल्ट," ते डोळे मिटून म्हणाले. "साबण लावा."

साबण लावला. बेल्टाने एक दिवस मौन पाळले आणि साबण वाळताच गमावलेल्या वेळेची भरपाई केली. भाऊसाहेबांच्या मते ही केवळ तहकुबी होती. त्यांनी राळेचा हुकूम काढला. जिनाच्या सपाट पट्ट्याला राळ मानवत असे हे खरे. परंतु ज्याच्या पोटावर बारीक उभ्या धारा असतात त्या आजच्या बेल्टाला चिकट पदार्थ फासणे म्हणजे रस्त्यावरची सगळी धूळ त्या धारांत मुक्कामास बोलावणे होय. भेंडवळच्या घटमांडणीवर भाऊसाहेबांचा विश्वास नाही, ते तिला थोतांड म्हणतात. पण तेथे अक्षय्य तृतीयेला मांडलेल्या घटाचे भाकीत दुसऱ्या दिवशी पहाटे सांगून मोकळे तरी होतात. येथे सुनावणी तीन आठवडे चालली. आरोपी दररोज बदलत होता आणि चहा ठरल्याप्रमाणे येत होता.

मिस्त्री या सर्व काळात दुसऱ्याच एका ट्रॅक्टरखाली आडवा होता. एका शुक्रवारी तो बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "भाऊसाहेब, ह्या गाडीत बेल्टावर फॅनच नाही. फॅन करंटावर फिरते."

शांतता पसरली. मिस्त्रीने चालत्या इंजिनाच्या बेल्टावर बाटलीतले चार थेंब पाणी उडविले. आवाज क्षणभर जाऊन परत आला तर पुल्या एका ओळीत नाहीत, आणि पाण्याने उलट वाढला तर बेल्ट सैल, एवढी साधी परीक्षा. येथे दोन्ही झाले नाही. मग त्याने इंजिन बंद करून बेल्ट उतरविला, पुन्हा पाच-सात सेकंद चालू केले. इंजिन घड्याळासारखे चालले. बेल्ट निघाला आणि आवाजही गेला, तेव्हा भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. पण मिस्त्री एकेक पुली बोटाने फिरवू लागला. अल्टरनेटर निमूटपणे फिरला. एसीची पुलीही. बेल्टाला ताण देणाऱ्या लहानशा पुलीला मात्र बोट लागताच खर्र झाले, आणि ती किंचित डुलली.

"बेल्टाले कायले बोल लावता? ह्या बेरिंगातलं ग्रीस आटलं. भार पडला का मंग थे बोंबलून राह्यलं."

"मी काय वेगळं सांगत होतो?" भाऊसाहेब म्हणाले. "बेल्टाच्या आसपासच आहे म्हणालो होतो."

आणि हे म्हणताना त्यांचा स्वर विजयी नव्हता, विषण्ण होता; कारण या वर्गाला बिघाड हवा असतो तो दुरुस्तीसाठी नव्हे, विवेचनासाठी, आणि नवी पुली बसवून तासाभरात मोकळी झालेली गाडी त्यांच्या दृष्टीने अकाली निवर्तलेली असते. चिरंजीवांनी आदराने चावी फिरवून दाखविली. इंजिन इतके मृदू गुणगुणले की त्यात शोधण्यासारखे काहीच उरले नाही.

जुनी पुली भाऊसाहेबांनी मुद्देमाल म्हणून रुमालात बांधून घरी नेली. ती आता दिवाणखान्यात पानाच्या डब्याशेजारी असते, आणि पाहुणा टेकला की भाऊसाहेब ती त्याच्या कानाशी धरून हळूच फिरवतात व विचारतात, "ओळखा!" परवा एका पाहुण्याने, बिचारा बेरिंगांचाच दुकानदार होता, चटकन "बेरिंग" म्हणून टाकले. भाऊसाहेबांनी पुली रुमालात गुंडाळली. "इतकं सोपं नाही ते," असे म्हणून त्यांनी आतून चहा मागविला.