आग्रहाचं निमंत्रण

रात्री साडेदहाला बंडूमामाच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर निरोप आला, ‘लग्नाला यायचं हं!’ खाली एक फाइल: ‘लग्नपत्रिका.एपीके’. मामाला एकच मुलगा आणि त्याच्या लग्नाच्या पंगतीत दोन वर्षांपूर्वी मी स्वतः मठ्ठा वाढलेला.

“उघडून तर बघा, तारीख तरी कळेल,” बायको म्हणाली.

पत्रिका म्हणजे फोटो असतो, फार तर पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायचं अख्खं ॲप. मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता सांगायला ॲप कशाला? बोलावणं करायला आलेला माणूस वळकटी घेऊनच आला तर आपण काय समजायचं? शिवाय हे पाहुणे घरात शिरल्याशिरल्या एसएमएस वाचायची परवानगी मागतात. मग बँकेचा ओटीपी आपल्याआधी त्यांनाच कळतो.

फाइल फोनवर न उघडता लॅपटॉपवर नेली. विंडोजवर एपीके आपणहून चालत नाही. तिथल्या अँटिव्हायरसने दोन सेकंदांत ‘धोका नाही’ म्हणून सांगितलं. इतक्या झटपट होकार देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. हा जागा तरी आहे का, ते बघायला मी ‘आयकार’ची चाचणी घेतली. ही 68 अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ. ती दिसली की आरडाओरडा करायचा, असं सगळ्या अँटिव्हायरसवाल्यांचं ठरलेलं आहे. नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह केली मात्र, गड्याने झडपच घातली! म्हणजे पहारेकरी जागा होता; पाहुण्याला ओळखत नव्हता एवढंच.

स्थळ आलं की आपण एकट्या मध्यस्थाच्या शब्दावर जातो का? व्हायरसटोटलचा धंदा हाच. 2004 साली स्पेनमध्ये सुरू झालेली आणि 2012 पासून गूगलकडे असलेली ही साइट एकाच फाइलबद्दल सत्तरएक अँटिव्हायरसकडे चौकशी करते. आधी फाइलचा हॅश द्यावा. हा 64 अक्षरांचा अंगठ्याचा ठसा; फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. तो जुळला, तर पूर्वीची चौकशी आयती मिळते, फाइल चढवावी लागत नाही. हे शहाणपण मला उशिरा आलं. मागे एकदा संशय आला म्हणून मी पगाराची स्लिपच तिथे चढवली होती. चढवलेल्या फाइली सुरक्षा-कंपन्यांच्या लोकांना पाहता येतात, हे नंतर वाचलं. माझा पगार बघून कुणाची नियत फिरेल अशी भीती नाही, पण लाज ती लाजच.

पत्रिकेचा ठसा कुणालाच ठाऊक नव्हता. चढवली. 66 पैकी 19 जणांनी नाव ठेवलं. कुणी ‘ट्रोजन’ म्हणालं, कुणी ‘बँकर’. काहींनी नुसतंच ‘जेनेरिक’, म्हणजे आमच्या आत्याच्या भाषेत ‘नक्की काय ते सांगता येत नाही, पण लक्षण बरं नाही’. उरलेले 47 गप्प. गप्प बसणं म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, हे लग्न जमवणाऱ्या कुणालाही माहीत असतं. उलटही होतं. माझ्या एका मित्राने जुन्या मराठी फाँटचं युनिकोड करणारा प्रोग्रॅम लिहिला, त्यालाही तिघांनी चोर ठरवलं होतं. बिचारा वेलांट्या नीट करत होता! पण एकोणीस जण, आणि बहुतेकांची तक्रार बँकेचीच, म्हटल्यावर स्थळ मोडलं.

मे 2000 मध्ये फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस असाच जगभर फिरला होता. फाइलचं नाव ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’; विंडोज शेवटचं शेपूट लपवायचं, त्यामुळे लोकांना ते साधं पत्र वाटलं. तेव्हा प्रेमपत्र, आता लग्नपत्रिका. पाव शतकात प्रकरण रीतसर पुढे सरकलंय. बारशाच्या आमंत्रणाची मी वाट बघतोय.

मामाला फोन लावला.

“अरे, मला जोशांकडून आली होती,” मामा म्हणाला. “उघडली, पण पत्रिका दिसेचना. म्हणून परत उघडली. जे विचारलं त्याला हो-हो म्हटलं.”

मी घाईघाईने सांगितलं, इंटरनेट बंद कर, बँकेला कळव, दुसऱ्या फोनवरून 1930 या सायबर हेल्पलाइनला तक्रार कर. मामा लिहून घेत होता. मागून मामींचा आवाज आला, “अहो, त्याला विचारा ना, लग्न कुणाचं आहे ते कळलं का?”