बाकीचं मागच्या गाडीनं

अंबरनाथ ते बदलापूर हा लोकलचा प्रवास दहा मिनिटांचा. मालडब्यात, पाच फुटी अॅल्युमिनियमचं शेपूट बाळासारखं छातीशी धरून केला तर तो पंढरपूरच्या वारीइतका लांबतो. एका बाजूला दुधाच्या रिकाम्या किटल्या, दुसऱ्या बाजूला माशांच्या पाट्या, पायाशी कोथिंबिरीचं गाठोडं आणि मध्ये मी.

"कूलरचं हाय का?" पाटीवर बसलेल्या मावशींनी विचारलं.

"नाही हो मावशी."

"टाकीचं झाकण असंल," किटलीवाल्याने परस्पर निकाल दिला.

"मखर असणार. गणपती आलेच की आता."

शेवटी मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, विमानाचं सुकाणू आहे. डबा क्षणभर गप्प झाला. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी आपुलकीने विचारलं, "मग बाकीचं मागच्या गाडीनं येतंय का?"

त्या बाकीच्याचीच ही गोष्ट.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. निवृत्त माणसाने एक तर भजनी मंडळात जावं, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत. माझा आवाज फुटका, आणि कमिटीत माणसं माझ्याहून फुटकी. मग हात रिकामे राहिले. रिकाम्या हातांनी एके रात्री क्रिस हाइन्ट्झ नावाच्या इंजिनिअरच्या सीएच ७०१ या विमानाची माहिती वाचून काढली. दोन माणसांचं, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं हे विमान १९८६ साली आलं. ते घरी जुळवायचं. सगळं काम मुख्यतः पॉप रिव्हेटचं. पॉप रिव्हेट! जी आम्ही आयुष्यभर पॅनलच्या दारांना मारली. मला एकदम वाटलं, हे विमान माझ्यासाठीच अडून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन घर मोजलं. विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सत्तावीस फूट. आमचा वन बीएचके न्हाणीघराच्या भिंतीपासून गॅलरीच्या ग्रिलपर्यंत चोवीस. म्हणजे तीन फूट पंख कायम बदलापूरच्या हवेत राहणार.

"अहो, त्या पंखांवर कपडे वाळत घालता येतील का?" सौ.ने विचारलं. तिला एवढीच शंका होती, याचा अर्थ निम्मी परवानगी मिळाली होती.

निम्मीवरून आठवलं. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानासाठी नियम आहे, की निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने हौसेखातर किंवा शिकण्यासाठी केलेलं असावं. हा नियम आमच्याकडे घरकामाला लावला, तर माझ्या नावावर एकही घर राहणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, फ्लॅटमध्ये कुणी विमान बांधतं का? बांधलंय. कांदिवलीच्या चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान उभं केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मांडायचं ठरलं, तेव्हा ते क्रेनने खाली उतरवावं लागलं. मला त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण सगळ्यात जास्त आदर त्या इमारतीतल्या शेजाऱ्यांबद्दल आहे. इतकी वर्षं डोक्यावर विमान बांधलं जातंय आणि खाली माणसं वरणभात जेवताहेत! पुढे २०१७ च्या नोव्हेंबरात नोंदणी झाली, २०१९ मध्ये उडायची परवानगी मिळाली. विमान बांधण्यापेक्षा कागद बांधायला जास्त दम लागतो, हे मुंबईत घर घेतलेल्या कुणालाही पटेल. कॅप्टन यादवांत आणि माझ्यात फरक एवढाच, की ते वैमानिक आणि मी पासधारक.

सौ.ला मी दुसरंही उदाहरण दिलं. मूळ केरळचे अशोक थामराक्षन यांनी इंग्लंडमध्ये, टाळेबंदीच्या काळात, घराच्या बागेत चार आसनांचं किट विमान जुळवलं आणि धाकट्या मुलीचं नाव त्याला दिलं.

"त्यांना बाग आहे," सौ. म्हणाली. विषय संपला.

अख्खं किट आणायचं म्हणजे राहतं घर विकावं लागेल, आणि मग विमान बांधायचं कुठे? तेव्हा ठरवलं, शेपटापासून सुरुवात करायची. यात कमीपणा नाही. अमेरिकेत हे विमान विकणारी कंपनीसुद्धा नवख्यांना दोन दिवसांच्या शिबिरात आधी सुकाणूच बांधायला देते. ते जमलं तर पुढचं. आणि सीएच ७०१ चं सुकाणू मोठं गमतीचं असतं. बहुतेक विमानांत उभ्या शेपटाचा मागचा भाग तेवढा वळतो. इथे अख्खं शेपूटच वळतं. आमच्या एका जुन्या सुपरवायझरची मान अशी होती. साहेब ज्या बाजूला, त्या बाजूला अख्खी.

सुकाणूच्या आत पत्र्याच्या फासळ्या असतात. त्यांच्या कडा वाकवायच्या तर त्या आकाराचे कडक लाकडाचे ठोकळे लागतात. दोन ठोकळ्यांत पत्रा दाबायचा आणि कड मऊ हातोडीने हळूहळू पाडायची. म्हणून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. हे शहर मुळात युद्धकाळातली लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले, १९४९ मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं, पण भागांची नावं अजून कॅम्प एक, कॅम्प दोन अशीच. ज्या लोकांनी शून्यातून गाव उभं केलं, त्यांना माझा ठोकळा काय जड?

कारागिराने ड्रॉइंग उलटं धरलं, सुलटं धरलं आणि विचारलं, "ये कौन से सोफे का है?"

विमान म्हटल्यावर मालक गल्ल्यावरून उठले. "साईं, पूरा सॅम्पल लाव. एक बार सॅम्पल दिखाव, आठ दिन में सौ पीस बना के दूँगा." पैजेवर सांगतो, ते थट्टा करत नव्हते. 'मेड इन यूएसए'तला 'यू' उल्हासनगरचा, हा जुना विनोद मला त्या दिवशी विनोद वाटेना. शंभर विमानं आठ दिवसांत! रंगसुद्धा विचारले. फक्त एक गोष्ट ते विसरत होते, की शंभर काय, एकही ठेवायला जागा नाही.

उडायची जागा म्हणजे धावपट्टी. तीही आमच्याकडे आहे! अंबरनाथ-कल्याणच्या अध्येमध्ये, मलंगगडाच्या वाटेवर, नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी आहे. एका रविवारी स्कूटरवरून मुद्दाम बघून आलो. मनात हिशेब चालू होता, की या विमानाला जमीन सोडायला शंभरेक फूट पुरतात. राइट बंधूंचं १९०३ मधलं पहिलं उड्डाणच मुळी एकशेवीस फुटांचं, बारा सेकंदांचं. लोकलचे दोन डबेसुद्धा नाहीत. पण चहाच्या टपरीवरच्या आजोबांनी माझा हिशेब मोडला. ही जमीन युद्धासाठी शेतकऱ्यांकडून घेतली, ती परत मिळावी म्हणून वाद चालू, आणि २०१७ च्या जूनमध्ये इथे रस्त्यावर टायर पेटले होते. "तुमचं इमान उतरंल वो," ते म्हणाले, "आमची जमीन कधी उतरंल ते इचारा." मी चहाचे पैसे दिले आणि हळूच स्कूटरला किक मारली. काही विषयांत पाहुण्याने गप्प बसावं.

मग बदलापूर स्टेशनचा फलाट तेवढा उरतो. लांबीला भरपूर, रुंदीला सत्तावीस फूट पंख आणि वडापावचा स्टॉल एकत्र बसत नाहीत. शिवाय सीएसएमटीपर्यंतचे अडुसष्ट किलोमीटर अर्ध्या तासात कापले, तरी पुढे उतरणार कुठे? आझाद मैदानात कायम कुठलातरी मोर्चा असतो.

पत्रा मात्र मिळाला. कुठून ते विचारू नका. चार दशांश मिलिमीटर जाड, म्हणजे आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पोह्याच्या पापडापेक्षा पातळ. हे उदाहरण सुचायला कारण आहे. मी गच्चीवर पत्रा वाकवत होतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे पापड शेजारीच होते. वारा आला, दोन्ही उडाले. पत्रा मी पकडला. काकू आजतागायत बोलत नाहीत.

पहिल्या खेपेला सगळ्या फासळ्यांच्या कडा एकाच बाजूला वाकवल्या. चौतीस वर्षांच्या टूलरूमवाल्याने! ज्या चुकीसाठी मी पोरांना मेमो दिले होते, तीच चूक. दुसऱ्या खेपेला जुन्या कारखान्याजवळच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये, अंबरनाथलाच, काम केलं. भोकं पाडली, प्रत्येक भोकाची धार काढली, सांधे क्लेकोने तात्पुरते धरले. क्लेको म्हणजे स्प्रिंगची चिमटी, पत्र्याच्या भोकातली टाचणी समजा. मग रिव्हेट. टक् टक् टक्. शेवटची रिव्हेट बसली, सुकाणू हातात घेतलं, आणि इतकं हलकं लागलं की मी वजनाचा काटा दुरुस्त आहे का ते तपासलं.

तेच घेऊन त्या दिवशी मालडब्यात चढलो होतो.

बदलापुरात पूर्वी प्रवासातले घोडे बदलत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. सीएच ७०१ ला चालणारं इंजिन ऐंशी घोड्यांचं. त्या घोड्यांना इथे थांबायला अजून सवड झालेली नाही. तोवर सुकाणू गच्चीवर एका पाइपवर उभं केलंय. वाऱ्याच्या तोंडाला ते अख्खं वळतं, जराही न करकरता. बेअरिंग मी स्वतः बसवलंय.

गेल्या आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. मी मनातल्या मनात नोटिशीचं उत्तर जुळवू लागलो. त्यांनी सुकाणूला बोट लावलं, ते फिरलं, पुन्हा वाऱ्याकडे आलं. त्यांनी परत बोट लावलं. असं चार-पाच वेळा झालं.

"काका, बाकीचं कधी येणार?"

"बघू. मागच्या गाडीनं."

"आलं तर आणा," ते जिन्याकडे वळत म्हणाले, "पण स्टिल्टमध्ये पार्किंग शिल्लक नाही, आत्ताच सांगून ठेवतो."