संस्थाचालकांसाठी मनमोकळेपणाची मार्गदर्शिका

नंदुरबार जिल्ह्यात सामाजिक संस्था चालवणाऱ्या ताईंना किंवा भाऊंना कर्मचाऱ्यांशी मोकळेपणाने बोलावं अशी इच्छा अधूनमधून होते, विशेषतः देणगीदाराच्या अर्जात 'संस्थेतील कार्यसंस्कृती' असा रकाना आल्यावर. ही इच्छा दडपू नये, तिला वळण लावावं. इथे तशी गरजही जास्त. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यातली 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती आणि जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. त्यामुळे संस्थेच्या प्रत्येक प्रस्तावात ग्रामसभा, पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि माहितीचा अधिकार हे शब्द असतातच. पाड्यावरच्या माणसाने ग्रामपंचायतीला हिशेब विचारावा, रोजगार हमीचं मस्टर बघायला मागावं, असं प्रशिक्षण संस्था देते. धोका नेमका तिथे आहे. हे प्रशिक्षण देणारा कार्यकर्ता स्वतःही ते ऐकत असतो. पंचायतीला विचारायचा प्रश्न एक दिवस तो संस्थेला विचारील. प्रस्तुत मार्गदर्शिका त्या दिवसाच्या तयारीसाठी आहे.

सुरुवात बैठकीच्या जागेपासून करावी. बैठक नंदुरबारला, सकाळी ठीक दहाला ठेवावी. धडगावचा कार्यकर्ता पहाटे मोटारसायकल काढून, चांदसैली घाट उतरून, तळोद्यामार्गे पोचेपर्यंत त्याच्या मनातले निम्मे प्रश्न रस्त्यावर सांडलेले असतात. उरलेले टीए बिल कधी निघणार या एका प्रश्नात सामावतात, आणि त्याचं उत्तर अकाउंटंट देतो. महिना शक्यतो मार्च निवडावा. मार्चअखेरीचा खर्च दाखवायचा असतो आणि बहुतेक वर्षी सातपुड्यातली होळीही तेव्हाच येते. आधी भोंगऱ्या बाजार, मग काठीची राजवाडी होळी, मग गावोगावच्या होळ्या. त्या आठवड्यात 'सर्वांनी मोकळेपणाने मतं मांडावीत' असं आवाहन केलं तर मतं लवकर आटोपतात. भाषा अर्थातच प्रमाण मराठी, मधूनमधून 'आउटकम' आणि 'इम्पॅक्ट'ची फोडणी दिलेली. पावरी किंवा भिलीत विचार करणारा माणूस प्रश्न मनात मराठीत जुळवतो तोवर पुढचा मुद्दा सुरू झालेला असतो. इतिवृत्तात मात्र 'कोणाचीही हरकत नाही' असं लिहिता येतं, आणि ते खरंही असतं.

भिंतीवर काय लावावं हाही प्रश्न येतो. शहादा परिसरात 1972 मध्ये उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेत काम केलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता या भागातल्या प्रशिक्षणांत चांगली शोभते. दुःख ज्यांचं ते खाली बसलेले आणि ते सांगणारे दुसरेच वर, असा तिचा विषय. ती जरूर लावावी, पण बैठकीत खुर्च्या कशा मांडल्या आहेत ते दिसेल अशा भिंतीवर नको.

आता मुख्य विषय, पैसा. कर्मचाऱ्याला जाणून घ्यायच्या असतात त्या गोष्टी थोड्या: प्रकल्प कधी संपतो, नवा अर्ज केला आहे का, मंजूर अंदाजपत्रकात आपल्या नावापुढे किती रक्कम आहे, आणि हातात येते ती तेवढीच आहे का. यांपैकी एकाही गोष्टीवर न बोलता दोन तास मनमोकळेपणाने बोलता येतं, ही कला आहे. देशपातळीवरचं उदाहरण हाताशी ठेवावं. 2020 मध्ये परकीय देणगी कायद्यात बदल झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने परकीय निधी छोट्या संस्थेला पुढे देणं बंद झालं. तालुक्याच्या गावातली छोटी संस्था अशाच पुढे आलेल्या निधीवर चालत असेल, तर तिच्या कार्यकर्त्याला हा बदल समजणं म्हणजे स्वतःच्या चुलीचा हिशेब समजणं. म्हणूनच तो समजावू नये. 'वरून अडचण आहे' इतकं पुरतं. वर म्हणजे सातपुड्याच्या, दिल्लीच्या की आकाशाच्या, हे ज्याचं त्याने ठरवावं.

यावर काही भोळे लोक म्हणतील की सांगितलं नाही तरी कळतंच. दुर्दैवाने ते बरोबर आहे. देणगीदाराचा अधिकारी तोरणमाळच्या वाटेवर जीपमध्ये गप्पा मारतो आणि पुढच्या सीटवर कार्यकर्ताच बसलेला असतो. लाभार्थ्यांचे आकडे कार्यकर्त्यानेच भरलेले, जिओटॅगचे फोटो त्यानेच काढलेले. पुढच्या वर्षी त्याच पाड्याचं नाव यादीत नसलं, तर निधी आटल्याचं त्याला संचालकांच्या आधी कळतं. झाकण्याचा परिणाम एवढाच होतो की ही माहिती ऑफिसात येत नाही, चहाच्या टपरीवर जाते. तिथे ती वाढते, वळते, तिला एखाद्या नातेवाइकाचं नाव चिकटतं. कर्मचाऱ्याला कळायचं थांबत नाही. त्याला काय कळलं आहे हे संचालकांना कळायचं थांबतं. मोकळ्या बोलण्याने कर्मचाऱ्याचं भलं होतं असा समज आहे. खरी गरज संचालकांना असते, कारण अंधारात तेच बसलेले असतात.

अनुभवी संचालक यावर दोन हरकती घेतात, आणि दोन्ही आदराने ऐकण्याजोग्या आहेत. पहिली अशी की प्रकल्प मार्चमध्ये संपतो हे डिसेंबरात सांगितलं तर माणसं डिसेंबरातच निघून जातील. जातीलही काही. पण न सांगितल्यावर आधी जातो तो सगळ्यात कामाचा, कारण त्याच्या ओळखी जास्त आणि बातमी त्याला आधी लागते. मागे राहतात ते नाइलाजाने, आणि पगार थांबल्यावर त्यांना धक्का बसतो. पैसे कुठवर पुरतील, अर्ज कुठे केले आहेत आणि उत्तर कधी अपेक्षित आहे, हे डिसेंबरात कळलं तर माणूस मुलाची फी, उधारी, शेतीचं काम यांची जुळणी करू शकतो. त्याच्यावर एवढी मेहेरबानी का करावी, हा प्रश्न मात्र राहतो.

दुसरी हरकत मोठी आहे: पगाराबद्दल खुली चर्चा झाली की संस्था फुटतात. इथे पुण्याचा दाखला मिळतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 मध्ये स्थापन झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघालं, आणि आजीव सदस्यांचं वेतन व बाहेरची कमाई यांवरून वाद पेटून 1890 मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. तोही दोन ओळींचा नव्हे, कारणांची लांबलचक मांडणी करून. माणूस गेला, वाद कागदावर राहिला. संस्था आजही आहे, कॉलेजही आहे. खुल्या वादाने संस्था बुडते म्हणणाऱ्याने फर्ग्युसन रस्त्यावर एकदा फेरी मारून यावी.

'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे वाक्य प्रत्येक बैठकीत एकदा तरी यावं. कुटुंबात नियुक्तिपत्र मागत नाहीत, रजा मोजत नाहीत, मोठ्यांना हिशेब विचारत नाहीत. वाक्य छोटं असलं तरी त्यात बऱ्याच कामगार कायद्यांची सोय होते.

कुटुंबाच्या या कल्पनेला एकच कायदा फार अडचणीत आणतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा सामाजिक संस्थांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती नेमावी लागते. अध्यक्ष महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरची, म्हणजे स्वयंसेवी संस्थेतली किंवा महिलांच्या प्रश्नावर काम करणारी. त्यामुळे कारखान्याच्या, बँकेच्या समितीवर बाहेरची सदस्य म्हणून सन्मानाने बसणाऱ्या ताईंच्या स्वतःच्या कार्यालयात समितीच नाही, असं घडू शकतं. समिती नेमल्याचा आदेश कार्यालयात ठळक जागी लावणंही कायद्याने बंधनकारक आहे. कविता लावली आहे तिच्या शेजारी जागा असेलच. समिती न नेमल्यास दंड 50,000 रुपयांपर्यंत आहे. पुढच्या मनमोकळ्या बैठकीत निदान हा आकडा तरी कर्मचाऱ्यांना मराठीत आणि पावरीत वाचून दाखवावा.