मायक्रॉनराव, बढतीबद्दल अभिनंदन!

माननीय मायक्रॉनराव यांस,

सा. न. वि. वि.

आपला-माझा प्रत्यक्ष परिचय नाही. मिलिमीटरचा हजारावा भाग असलेल्या गृहस्थाला नमस्कार करायचा तर भिंग लागतं. पण या देशातल्या प्लॅस्टिक पिशवीचं भवितव्य गेली पंचवीसेक वर्षं आपल्याच हाती आहे, म्हणून हे धाडस.

1999 साली केंद्र सरकारने आपल्याला 20 वर रुजू करून घेतलं. 2011 मध्ये आपण 40 झालात, 2016 मध्ये 50, सप्टेंबर 2021 मध्ये 75 आणि 31 डिसेंबर 2022 पासून थेट 120. इतक्या बढत्या आणि एकही चौकशी नाही! महाराष्ट्राने तर 26 जुलै 2005 च्या मुंबईच्या पुरात पिशव्यांनी नाले तुंबल्याचा धसका घेऊन 2006 मध्येच आपल्याला 50 वर बसवलं होतं. त्यामागचा हिशोब खोटा नव्हता. पिशवी जाड झाली की महाग होते, फुकट वाटली जात नाही आणि वजन भरतं म्हणून कचरावेचक ती उचलतात. फक्त जाडी मोजायचं यंत्र कुणाच्या पिशवीला लावायचं, तेवढं ठरवायचं राहिलं.

23 जून 2018 पासून राज्यात कॅरीबॅगवर सरसकट बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. जाडी कितीही असो, पहिल्यांदा सापडल्यास 5,000 रुपये दंड, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिने कैद. आम्हाला वाटलं, आपण निवृत्त झालात. पण आठवडाभरात किराणा दुकानांतल्या पॅकिंगला सवलत मिळाली आणि 50 चा आकडा घेऊन आपण मागल्या दाराने पुन्हा हजर!

आमच्या मंडईतल्या भाजीवाल्या मावशींकडे परवा पथक आलं. गोणपाटाखालच्या पिशव्या जप्त झाल्या, पावती फाटली. मोटारीतून उतरून, हात हलवत येऊन "पिशवी द्या ना" म्हणणारी गिऱ्हाइकं तेवढ्यात पांगली. मावशींनी मला विचारलं, "दादा, हे मायक्रॉन म्हंजे किती वो?" मी म्हटलं, "एकशेवीस म्हणजे साधारण दीड-दोन केसांची जाडी." त्या म्हणाल्या, "केसानं गळा कापत्यात म्हंत्यात, त्ये ह्येच व्हय?"

मावशींच्या पाठीमागे दुकानात चिप्सच्या पाकिटांच्या माळा लटकत होत्या. त्यांच्याकडे पथकाने पाहिलंही नाही. या पाकिटात प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम, पुन्हा प्लॅस्टिक असे थर एकमेकांना इतके घट्ट चिकटवलेले असतात, की ते सुटे करणं परवडत नाही. 2016 च्या नियमांत लिहिलं होतं, की पुनर्प्रक्रिया न होणारं असं बहुथरी प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करायचं. दोन वर्षं भरली. 23 मार्च 2018 ला राज्याने बंदीची अधिसूचना काढली आणि 27 मार्चला केंद्राने स्वतःच्या त्या नियमात दुरुस्ती केली. आता बंद व्हायचं ते फक्त असं प्लॅस्टिक, ज्यावर पुनर्प्रक्रिया होत नाही, ज्यातून ऊर्जा मिळत नाही किंवा ज्याला दुसरा कसलाच उपयोग नाही. सिमेंटच्या भट्टीत काहीही जळतं, त्यामुळे पाकीट सुटलं. मावशींची पिशवीही जळते, पण हा युक्तिवाद मांडायला त्यांच्याकडे वकील नव्हता.

कंपन्यांना मोकळं सोडलंय, असं मात्र कुणी म्हणू नये. फेब्रुवारी 2022 पासून 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' सविस्तर ठरवून दिली आहे. कंपनीने जेवढं प्लॅस्टिक बाजारात सोडलं, त्या हिशोबाने पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्रं विकत घ्यायची. पुढे 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी सुमारे 6 लाख प्रमाणपत्रं बनावट निघाली. म्हणजे प्लॅस्टिक जिथल्या तिथे राहिलं आणि कागद गावभर फिरून आला. त्या कागदाची जाडी कुणी मोजली का, मायक्रॉनराव?

आमच्या घरचा हिशोब त्या मानाने साधा आहे. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतो. 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक रिकाम्या पिशवीमागे 50 पैसे परत मिळायचे होते. ते अजून आले नाहीत आणि आले तरी ते नाणं घेणारा दुकानदार शोधावा लागेल. सुदैवाने भंगारवाला या पिशव्या किलोवर घेतो. त्याला यंत्र लागत नाही. वस्तू दोन बोटांत चुरगळतो, आवाज ऐकतो आणि निकाल देतो. दुधाची पिशवी घेतो, पाण्याची बाटली घेतो. चिप्सचं पाकीट पुढे केलं की म्हणतो, "ह्ये तुमच्याकडंच ठिवा."

तर विनंती अशी, की आपली पुढची बढती थांबवून ती जागा भंगारवाल्याला द्यावी. नियम एका ओळीत मावेल: तो जे 'तुमच्याकडंच ठिवा' म्हणेल, ते ज्याचं नाव छापलंय त्याच्या दारात पोचवावं. प्रमाणपत्र नको, वस्तूच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दोरीवर पिशव्या वाळत घालणारा एक नागरिक

ता. क. : पाकिटं साठवतोय. एक पोतं भरलं. पोतंही प्लॅस्टिकचंच आहे, पण त्याची जाडी मी मोजलेली नाही.